रात्री आठचा डोस कोणी द्यायचा?

पाच दिवस रुग्णालयात राहून घरी आलेल्या माणसाला विचारले, तर तो डॉक्टरांचे नाव पटकन सांगतो. परिचारिकांपैकी फार तर एखादी प्रेमळ किंवा एखादी रागीट सिस्टर त्याला आठवते. पण सकाळी ८, दुपारी २ आणि रात्री ८ ला जिथे पाळी बदलते, तिथे त्या पाच दिवसांत जवळजवळ पंधरा वेळा त्याची जबाबदारी एका परिचारिकेच्या हातून दुसरीच्या हाती गेलेली असते. डॉक्टर राउंडला येतात, तपासतात, औषधे लिहितात आणि पुढच्या वॉर्डात जातात. खाटेजवळ चोवीस तास असते ती परिचारिका. ही चोवीस तासांची परिचारिका म्हणजे मात्र तीन निरनिराळी माणसे, आणि त्या तिघींनी मिळून एकच पेशंट सांभाळायचा असतो. एकीने पाहिलेले दुसरीपर्यंत पोहोचले नाही, तर ते कोणी पाहिलेच नाही असे होते.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना हे चांगले ठाऊक होते. १८६० साली आलेल्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या छोट्या पुस्तकात त्यांनी या प्रश्नाला एक आख्खे प्रकरण दिले. आपण हजर असताना जे करतो, ते आपण नसतानाही होत राहील अशी व्यवस्था जिला लावता येत नाही, तिच्या उत्तम शुश्रूषेवरही पाणी पडू शकते, असा त्यांचा मुद्दा होता. त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षे गेली, औषधे आणि यंत्रे पार बदलली, तरी पाळी बदलण्याची ती दहा-पंधरा मिनिटे बहुतेक ठिकाणी रिवाजावर आणि ज्याच्या त्याच्या स्वभावावरच चालत राहिली. वॉर्डात याला ‘ओव्हर देणे’ म्हणतात, कुठे ‘चार्ज देणे’. हे काम कसे करावे याचा पद्धतशीर विचार गेल्या पंचवीसेक वर्षांतच सुरू झाला.

नेमके काय हरवते ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. जिल्हा रुग्णालयातला प्रसूती विभाग. बावीस वर्षांची पहिलटकरीण सकाळी झटके आले म्हणून आणलेली. रक्तदाब खूप वाढलेला, लघवीत प्रथिने. एक्लॅम्प्सिया. अशा वेळी झटके थांबवण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट देतात. वॉर्डात सगळे त्याला मॅगसल्फ म्हणतात. रूढ पद्धत अशी: सुरुवातीला ४ ग्रॅम शिरेतून आणि दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम, मग दर चार तासांनी ५ ग्रॅम, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. प्रसूती किंवा शेवटचा झटका यांपैकी जे नंतर घडले असेल, तिथून पुढे चोवीस तास हे चालते. औषध जीव वाचवणारे आहे, पण ते लघवीवाटे शरीराबाहेर जाते. लघवी कमी झाली की ते रक्तात साठू लागते. आधी गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय उडायचा थांबतो, मग श्वास मंदावतो, आणि तरीही लक्ष गेले नाही तर श्वास बंद पडू शकतो. त्यावर उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवतात. म्हणून प्रत्येक डोसआधी तीन गोष्टी पाहायच्याच: गुडघ्याचा जर्क आहे ना, श्वास मिनिटाला निदान १६ आहे ना, आणि गेल्या चार तासांत निदान शंभरेक मिली लघवी झाली आहे ना.

आता दुपारचे दोन वाजलेत. सकाळची सिस्टर दुपारच्या सिस्टरला सांगते:

“सहा नंबर, एक्लॅम्प्सिया, मॅगसल्फवर आहे. बाराचा डोस गेला. डिलिव्हरी झाली, बाळ एसएनसीयूत. बीपी आता ठीक आहे, युरिन होतंय. बाकी काही नाही.”

यातले एकही वाक्य खोटे नाही. बहुतेक वॉर्डांत ओव्हर अशीच दिली जाते, आणि देणारी सिस्टर कामचुकार असते असे मुळीच नाही. सकाळपासून ती धड बसलेलीही नसते. पण ऐकणारीला यातून काय मिळाले? बाराचा डोस कोणत्या बाजूला दिला? ‘ठीक’ म्हणजे किती? युरिन होतंय म्हणजे किती होतंय, आणि कधीपासून?

हीच ओव्हर दुसऱ्या तऱ्हेने दिलेली ऐका. दोघी खाटेपाशी उभ्या आहेत, मनगटावरच्या पट्टीवरचे नाव आणि आयपीडी नंबर केस पेपरशी जुळवून झाला आहे.

“सिस्टर, आधी सहा नंबर घेऊ, आज सगळ्यांत सिरियस हीच आहे. एक्लॅम्प्सिया. घरी दोन झटके आले, इथे आल्यापासून एकही नाही. एक वाजता नॉर्मल डिलिव्हरी झाली, ब्लीडिंग जास्त नाही. मॅगसल्फचा लोडिंग डोस आठला दिला, बाराचा डाव्या बाजूला. पुढचा चारला, उजव्या बाजूला. बाराला जर्क होता, श्वास अठरा. आता युरोबॅग बघा. चारशे दिसतंय, पण ते सकाळपासूनचं आहे. बारा ते दोनमध्ये फक्त पन्नास झालंय. मला त्याचीच काळजी वाटतेय. पावणेदोनला डॉक्टरांना सांगितलं, ते म्हणाले चारच्या आधी परत मोजा. बारापासून शंभर झालं नाही, जर्क गेला किंवा श्वास सोळाच्या खाली आला, तर डोस द्यायचा नाही, डॉक्टरांना बोलवायचं. कॅल्शियम ग्लुकोनेट ट्रेमध्ये काढून ठेवलंय.”

“म्हणजे चारला उजवीकडे. त्याआधी जर्क, श्वास आणि युरिन. बारापासून शंभरच्या खाली असेल तर थांबायचं आणि डॉक्टरांना फोन. बीपीचं औषध कधी दिलं?”

“हो, ते राहिलंच. लॅबेटालॉल अकराला. बीपी आता दीडशे-शंभर. एकशे साठ-एकशे दहाला गेलं तर लगेच कळवायचं.”

या बोलण्याला जेमतेम दीड मिनिट लागते. त्यात पहिल्यापेक्षा जास्त आकडे आहेत, पण त्याची खरी ताकद आकड्यांत नाही. ते केस पेपरवरही सापडतात. पिशवीत चारशे मिली दिसत असूनही मूत्रपिंड गेले दोन तास आखडले आहे, हे कागदावर सहज सापडत नाही. ते त्या बाईजवळ सहा तास उभे राहिलेल्या डोळ्यांनी पाहिलेले असते. ‘मला काळजी वाटतेय’ हे तर कोणत्याच चार्टवर लिहायला जागा नसते. पाळी बदलताना सगळ्यांत आधी गळते ते हेच: अर्धवट राहिलेले काम, अजून न घडलेल्या गोष्टीची शंका, आणि ती घडलीच तर काय करायचे याची तयारी. ओव्हरला एक ठरलेला साचा असावा, असा आग्रह मी धरतो तो एवढ्यासाठीच. साचा असला की त्या काळजीला बोलायला हक्काची जागा मिळते.

बीपीच्या औषधाची वेळ सांगायची राहून गेली, ती ऐकणारीच्या प्रश्नामुळे बाहेर आली, हेही पाहण्यासारखे आहे. ऐकलेले आपल्या शब्दांत परत म्हणताना तिला ती फट दिसली. नुसती मान हलवली असती, तर दोघींनाही दिसली नसती.

आता रात्री आठच्या डोसकडे येऊ. बारा, चार, आठ असे डोस असतील तर तिसरा डोस नेमका पाळी बदलण्याच्या क्षणी येतो. दुपारची सिस्टर म्हणते, आठचा आहे, रात्रीच्या सिस्टर देतील. रात्रीची सिस्टर ओव्हर घेत असते. तिला वाटते, आठचा म्हणजे यांनी दिलाच असेल. डोस जातच नाही. किंवा दुपारच्या सिस्टरने दिलेला असतो पण सही राहिलेली असते, रात्रीची सिस्टर चार्टवर मोकळा रकाना पाहते आणि पुन्हा देते. एखादे अँटिबायोटिक तासभर उशिरा गेले तर बहुधा निभावून जाते. मॅगसल्फ, इन्सुलिन, हेपारिन यांच्या बाबतीत एवढी चूक जिवावर बेतू शकते. पाळीच्या वेळेवर येणारा डोस जाणारीने द्यायचा की येणारीने, याचा नियम कोणताही असला तरी चालेल. पण वॉर्डात तो एकच असावा, आणि काल रुजू झालेल्या मुलीलाही तो माहीत असावा.

ओव्हरला ठरलेला साचा असावा, या विचाराची एक वाट आपल्याला पाणबुडीपर्यंत नेते. अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवर गंभीर गोष्ट थोडक्यात आणि ठरावीक क्रमाने वरिष्ठांना सांगण्याची पद्धत होती. डग बोनाकम हे तिथे अधिकारी होते. पुढे ते कैझर परमनंटे या आरोग्यसंस्थेत सुरक्षेचे काम पाहू लागले. तिथे डॉ. मायकेल लेनर्ड आणि सुझान ग्रॅहॅम यांच्यासोबत त्यांनी या शतकाच्या सुरुवातीला, कोलोरॅडोत, ती पद्धत रुग्णालयाला बसेल अशी घडवली. तिचे नाव एसबार: सिच्युएशन, बॅकग्राउंड, असेसमेंट, रेकमेंडेशन. आत्ता काय घडते आहे, त्यामागची हकीकत काय, मला काय झाल्यासारखे वाटते, आणि काय करावे असे मी सुचवते.

मुळात हा साचा परिचारिकेने डॉक्टरांना फोन करण्यासाठी होता. लेनर्ड यांचे निरीक्षण असे की परिचारिकांना शिक्षणात सगळे क्रमवार, वर्णन करून सांगायची सवय लागते, तर डॉक्टरांना आधी मुद्दा हवा असतो. रात्री तीनला अर्धवट झोपेतून फोन उचललेला डॉक्टर हकीकत ऐकता ऐकता वैतागतो, आणि सिस्टर मुद्द्यावर येण्याआधीच फोन संपतो. एसबारमुळे पहिल्याच वाक्यात मुद्दा येतो. त्याहून मोठी गोष्ट शेवटच्या पायरीत आहे. ‘तुम्ही येऊन बघावं असं मला वाटतं’ हे वाक्य आपल्या वॉर्डांत तोंडातून निघणे किती अवघड असते, हे ज्यांनी तिथली उतरंड पाहिली आहे त्यांना सांगायला नको. सिस्टरने डॉक्टरांना सुचवायचे? नवीन मुलीने वीस वर्षे काढलेल्या इन्चार्ज सिस्टरला सुचवायचे? चौथी पायरी साच्यातच असली की सुचवणे हा आगाऊपणा उरत नाही, ते कामाचा भाग होते. मला तरी एसबारचे हे सगळ्यांत मोठे देणे वाटते.

बेल्जियममध्ये अँटवर्पच्या विद्यापीठ रुग्णालयात सोळा वॉर्डांतल्या परिचारिकांना ही पद्धत शिकवली आणि आधीच्या-नंतरच्या नोंदी ताडून पाहिल्या. २०१३ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. अनपेक्षित मृत्यूंचे प्रमाण हजार दाखल रुग्णांमागे ०.९९ वरून ०.३४ वर आले, आणि अचानक आयसीयूत हलवाव्या लागणाऱ्या रुग्णांचे प्रमाण मात्र १३.१ वरून १४.८ वर गेले. आयसीयूत जाणारे वाढले याचे कोणाला वाईट वाटेल. मला त्यात चांगली बातमी दिसते: बिघडणाऱ्या पेशंटबद्दल कोणीतरी वेळेत बोलले, आणि ऐकणाऱ्याने ऐकले. एका रुग्णालयातल्या आधी-नंतरच्या तुलनेवर किती विसंबायचे, हा प्रश्न राहतोच. एसबारवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्यांनीही पुरावा मध्यम दर्जाचा आहे असेच म्हटले आहे, आणि फोनवरच्या संवादात त्याचा उपयोग जास्त दिसतो असेही.

पाळी बदलताना मला आणखी उपयोगी वाटतो तो आय-पास हा दुसरा साचा. तो अमेरिकेतल्या बालरोग विभागांमध्ये निवासी डॉक्टरांसाठी तयार झाला. त्याच्या पाच पायऱ्या: आजार किती गंभीर आहे, पेशंटची थोडक्यात हकीकत, करायच्या कामांची यादी, पुढे काय घडू शकते आणि घडले तर काय करायचे, आणि शेवटी ऐकणाऱ्याने सारांश परत सांगणे. सहा नंबरची दुसरी ओव्हर पुन्हा वाचली, तर या पाचही पायऱ्या तिच्यात सापडतील. नऊ रुग्णालयांत मिळून १०,७४० दाखल मुलांवर झालेला याचा अभ्यास २०१४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. उपचारातल्या चुका शंभर दाखल रुग्णांमागे २४.५ वरून १८.८ वर आल्या, आणि टाळता येण्याजोगी इजा ३० टक्क्यांनी कमी झाली. यात वेळ फार जाईल अशी शंका सगळीकडे घेतली जाते. त्या अभ्यासात एका पेशंटमागे आधी २.४ मिनिटे लागत होती, नंतर २.५. परिचारिकांच्या कामाला हे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण गंभीर पेशंट आधी घेणे आणि ऐकलेले परत म्हणणे या दोन गोष्टींना कोणत्याही वॉर्डात एक रुपयाही खर्च नाही.

तोंडी सांगण्यावर किती भिस्त ठेवावी, याचेही एक साधे मोजमाप झालेले आहे. २००५ मध्ये ब्रिटनमध्ये पॉथियर आणि सहकाऱ्यांनी बारा काल्पनिक पेशंटांची माहिती एका परिचारिकेकडून दुसरीकडे, तिच्याकडून तिसरीकडे, अशी पाच वेळा फिरवली. नुसते तोंडी सांगितले तेव्हा तिसऱ्या फेरीनंतर मूळ माहितीतले काहीच उरले नाही. ऐकताना टिपणे काढली तेव्हा पाचव्या फेरीअखेर ३१ टक्के उरले. छापील तक्ता हातात देऊन सोबत तोंडीही सांगितले, तेव्हा जवळजवळ सगळे टिकले. प्रयोग लहान होता, पण तीन फेऱ्या म्हणजे वॉर्डातला फक्त एक दिवस होतो, हे लक्षात घेतले पाहिजे. खिशातल्या चिठोऱ्यावर किंवा हातमोज्यांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर बीपी लिहून घेणाऱ्या सिस्टर मी पाहिल्या आहेत. त्यांना एक छापील पान मिळायला हवे: पेशंटचे नाव, निदान, ॲलर्जी, चालू सलाईन आणि नळ्या, पुढच्या डोसची वेळ, बाकी राहिलेले रिपोर्ट, आणि लक्ष ठेवायची गोष्ट. हे काही फार मागणे नाही.

पाळी बदलताना माहिती गळण्याची ही अडचण परिचारिकांपुरतीच आहे असेही नाही. ६ जुलै १९८८ च्या रात्री स्कॉटलंडजवळच्या समुद्रात पायपर अल्फा या तेलफलाटावर स्फोट झाला आणि १६७ माणसे गेली. एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह दिवसपाळीत दुरुस्तीसाठी काढलेला होता. त्या पंपाच्या कामाचे दोन परवाने होते. रात्रपाळीला त्यातला एकच माहीत होता. दुसरा पंप बंद पडल्यावर त्यांनी हा सुरू केला. लॉर्ड कलेन यांच्या चौकशीत पाळीबदलातली ही उणीव ठळकपणे पुढे आली. तिथली माणसे अनुभवी होती, आणि कागदही होता. तो योग्य वेळी योग्य माणसासमोर आला नाही.

रुग्णालयांच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली रुग्णसुरक्षेचे नऊ उपाय जाहीर केले, त्यात पाळीबदलाच्या वेळचा संवाद हा एक होता. आपल्याकडे रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या एनएबीएचचे मानांकन घ्यायचे तर ओव्हरची लेखी पद्धत दाखवावी लागते. म्हणून मोठ्या खासगी रुग्णालयांत एसबारचे छापील फॉर्म दिसतात. फॉर्म असणे आणि ओव्हर चांगली असणे यांत मात्र अंतर आहे. तपासणीच्या आठवड्यात सगळे रकाने भरले जातात. एरवी शिफ्ट संपल्यावर एकाच पेनाने, एका बैठकीत. असे भरलेले फॉर्म कधीकधी न भरलेल्यापेक्षा घातक असतात, कारण त्यांवर पुढची माणसे विश्वास ठेवतात.

फॉर्मपेक्षा खाटेपाशी जाऊन दिलेली ओव्हर मला अधिक भरवशाची वाटते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये यावर बरेच काम झाले आहे. टेबलाशी बसून ‘सलाईन चालू आहे’ म्हणता येते. खाटेपाशी गेल्यावर सलाईन चालू आहे पण हात सुजला आहे, हे दिसते. इन्फ्यूजन पंपावरचा वेग दोघींना एकाच वेळी वाचता येतो. कुशीवर वळवून पाठ पाहिली की जखम सुरू होण्याआधीची लाली सापडते, आणि ती कोणाच्या पाळीत सुरू झाली यावरचे पुढचे भांडणही टळते. पेशंट जागा असेल तर तोही मध्येच म्हणतो, सिस्टर, ती गोळी मी घेतलीच नाही, उलटी झाली होती.

आपल्या जनरल वॉर्डात याला एक मोठी अडचण आहे, आणि ती बाजूला सारून चालणार नाही. दोन खाटांत हातभर अंतर, मध्ये जमिनीवर गादी टाकलेला तिसरा पेशंट, भोवती नातेवाईक. एचआयव्ही, गर्भपात, विष घेतल्याची केस, मानसिक आजार, घरच्यांना अजून न सांगितलेला कॅन्सर: हे खाटेपाशी मोठ्याने बोलायचे नाही. ते आधी टेबलाशी सांगावे, मग खाटेपाशी फक्त पाहायचे ते पाहावे. दोन टप्प्यांची ही रीत कुठल्याही गर्दीच्या वॉर्डात बसते.

दुसरी अडचण व्यत्ययाची. पाळी बदलते त्याच वेळी भेटीची वेळ असते, डबे येतात, फोन वाजतो, राउंड लांबलेला असतो, डिस्चार्जचे कागद मागायला माणूस उभा असतो. अमेरिकेत १९८१ पासून वैमानिकांसाठी असा नियम आहे की दहा हजार फुटांच्या खाली विमान असताना कॉकपिटमध्ये कामाशिवाय एक शब्द बोलायचा नाही. पाळीबदलाच्या पंधरा मिनिटांना असे संरक्षण द्यायला काही अडचण नाही. एका सिस्टरने किंवा वॉर्डातल्या मावशींनी तेवढ्यापुरते दार आणि फोन सांभाळला तरी पुरे.

सगळ्यांत मोठी अडचण वेळेची, आणि तिथे मला प्रशासनाला थेट दोष द्यावासा वाटतो. आठला एकीची ड्युटी संपते आणि आठलाच दुसरीची सुरू होते. मग ओव्हर कोणाच्या वेळेत द्यायची? जाणारी स्वतःच्या वेळेतून थांबते. तिची शेवटची बस किंवा लोकल सुटते, घरी लहान मूल वाट पाहत असते. असे रोज थांबणाऱ्या माणसाकडून अधिक नीट, अधिक सविस्तर सांगण्याची अपेक्षा करणे हा अन्याय आहे. ड्युटीचे तक्ते करतानाच दोन पाळ्यांमध्ये अर्धा तास सामाईक ठेवला आणि तो पगारात धरला, तर साच्याच्या प्रशिक्षणावर होणाऱ्या खर्चाचे चीज होईल. आणि एका परिचारिकेकडे चाळीस-पन्नास पेशंट असतील, तर प्रत्येकाला अडीच मिनिटे द्यायला दीड-दोन तास लागतील. तिथे पाच गंभीर पेशंट निवडून त्यांची पुरी ओव्हर देणे आणि बाकीच्यांचे फक्त बदललेले सांगणे, एवढेच शक्य आहे. पण तेही ठरवून करावे, थकव्याच्या भरात जे आठवेल ते सांगून नव्हे.

शब्दांचा घोटाळा हा आणखी एक विषय. युनिटऐवजी नुसते ‘यू’ अक्षर लिहिले की ते शून्यासारखे दिसते आणि १० युनिट इन्सुलिनचे १०० वाचले जातात. मॅग्नेशियम सल्फेट आणि मॉर्फिन सल्फेट यांची इंग्रजी लघुरूपे एकमेकांसारखी असल्याने अमेरिकेतल्या रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या जॉइंट कमिशनने ती दोन्ही, आणि ते ‘यू’ही, २००४ मध्ये वापरायला मनाई असलेल्या यादीत टाकले. आपल्याकडे इन्सुलिनची आणखी एक गोम आहे. बाटलीतले इन्सुलिन बहुधा मिलीला ४० युनिटचे असते, पेनमधले १०० चे, आणि दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या: लाल टोपणाची चाळीसची, नारिंगी टोपणाची शंभरची. ओव्हरमध्ये ‘दहा दिलं’ एवढे पुरत नाही. कोणत्या बाटलीतले, कोणत्या सिरिंजने, जेवणाआधी की नंतर, आणि त्यानंतर ती बाई जेवली का?

प्राथमिक आरोग्य केंद्रातून १०८ च्या गाडीने पेशंट पाठवणे हीसुद्धा एक ओव्हरच असते, आणि ती सगळ्यांत कच्ची राहते. झटके येणाऱ्या गरोदर बाईला पुढे पाठवण्याआधी तिथल्या सिस्टरने मॅगसल्फचे १० ग्रॅम दोन्ही बाजूंना मिळून द्यावेत, असे सरकारी मार्गदर्शन आहे. ते दिले पण चिठ्ठीवर वेळेसह लिहिले नाही, तर पुढच्या रुग्णालयातला सगळा हिशोब चुकतो. दिलेले औषध आणि दिल्याची वेळ, या दोन गोष्टी चिठ्ठीवर ठळक असल्याशिवाय गाडी हलू नये.

आता पुन्हा काळजीबद्दल. नेदरलँड्समध्ये गूस्के डाऊ आणि सहकाऱ्यांनी परिचारिकांना वाटणाऱ्या काळजीचाच अभ्यास केला. नाडी, बीपी आकड्यांत फारसे बदललेले नसतानाही ‘हा पेशंट मला बरा दिसत नाही’ असे परिचारिकेला कशावरून वाटते? त्यांनी नऊ खुणा काढल्या. श्वासातला बदल, रक्ताभिसरणातला बदल, थंडी वाजून येणे, भान बदलणे, अस्वस्थता, दुखणे, अपेक्षेप्रमाणे सुधारणा न होणे, पेशंटचे स्वतःचेच ‘कसंतरी होतंय’ असे सांगणे, आणि परिचारिकेचे स्वतःचे निरीक्षण. या खुणा म्हणजे अंधश्रद्धा नाही की उगाच धास्ती नाही. वर्षानुवर्षे पेशंट पाहून तयार झालेली ती नजर आहे. तिला आकड्याइतकाच मान मिळावा. ओव्हरच्या कागदावर शेवटी एक ओळ असावी: या पेशंटबद्दल मला काय वाटते. आणि घेणारीने ती ओळ रिकामी दिसली तर विचारावे, “सिस्टर, आज रात्री यातला कोण बिघडेल असं तुम्हाला वाटतं?” या एका प्रश्नाला जे उत्तर मिळते, ते बाकी कुठल्याही रकान्यात मावत नाही.

घरचे माणूस रुग्णालयात असेल, तर नातेवाइकांनाही यात थोडे करता येते. पाळी बदलत असताना तक्रारी किंवा बिलाचे प्रश्न घेऊन टेबलाशी जाऊ नये. ओव्हर खाटेपाशी होत असेल तर शांतपणे ऐकावे, आणि एखादी गोष्ट चुकीची किंवा राहिलेली वाटली तर लगेच सांगावी. लघवी किती वेळा झाली, काय खाल्ले, रात्री पेशंट बरळत होता का, शेवटची गोळी कधी घेतली, हे एका वहीत वेळेसह लिहून ठेवावे. रात्रीच्या सिस्टर आल्या की पेशंटचे पूर्ण नाव सांगून विचारावे, आज कशावर लक्ष ठेवायचे आहे. आणि पेशंटला एखाद्या औषधाची ॲलर्जी असेल, तर केस पेपरवर लिहिली आहे म्हणून गप्प बसू नये. प्रत्येक पाळीला नव्याने सांगावी.